फुलपाखरांची मॅक्रो छायाचित्रे आणि फ्लॅश : काळी पार्श्वभूमी, पांढरेफटक पंख आणि हरवणारा निळा रंग

कवडसा

गेले वर्षभर मी फुलपाखरांची छायाचित्रे काढतो आहे. फुल फ्रेम सेन्सरचा कॅमेरा, १०० मिमीची मॅक्रो (अगदी जवळून चित्र घेणारी) लेन्स आणि कॅमेऱ्याच्या माथ्यावर बसणारा साधा फ्लॅश एवढीच माझी सामग्री आहे. सुरुवातीला फ्लॅशशिवाय प्रयत्न केले. पण झाडाखालच्या सावलीत अ‍ॅपर्चर एफ/११ वर नेले, म्हणजे लेन्समधले प्रकाश येण्याचे छिद्र लहान केले, की शटर इतके मंदावे, की फुलपाखरू स्वस्थ बसलेले असले तरी त्याच्याखालची फांदी हलून चित्र पुसट येई. फ्लॅश लावल्यापासून ती तक्रार मिटली, मात्र तिच्या जागी तीन नव्या तक्रारी आल्या.

पहिली म्हणजे मागचे सगळे काळेकुट्ट येते. सकाळी दहाला काढलेले चित्र रात्री विजेरीच्या उजेडात काढल्यासारखे दिसते. दुसरी म्हणजे पांढऱ्या किंवा फिकट पिवळ्या फुलपाखरांच्या पंखांवरच्या शिरा नाहीशा होतात आणि कागद कातरून फुलावर चिकटवल्यासारखा भास होतो. तिसरी तक्रार मला सर्वांत जास्त छळते. माझ्या नेहमीच्या जागी एक काळे फुलपाखरू येते. पंखांवर पांढरे ठिपके आणि त्या ठिपक्यांभोवती निळी-जांभळी झाक. डोळ्यांना ती झाक लख्ख दिसते, चित्रात मात्र त्या जागी मळकट तपकिरी रंग उमटतो.

मी आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) १००, शटर १/२००, अ‍ॅपर्चर एफ/१६ आणि फ्लॅश टीटीएलवर (कॅमेरा स्वतः उजेड मोजून फ्लॅशची ताकद ठरवतो त्या पद्धतीवर) ठेवतो. फ्लॅशचे तोंड सरळ समोर असते, डिफ्यूझर (उजेड पसरवून मऊ करणारा पडदा) वापरत नाही. अगदी जवळ गेल्यावर चौकटीच्या तळाशी एक अर्धगोल सावलीही येते; ती डिफ्यूझर नसल्यामुळे येत असावी असे मी धरून चाललो आहे. जाणकारांनी सांगावे.

भिंग

कवडसा, तुमच्या पहिल्या दोन तक्रारी वरवर निराळ्या वाटल्या तरी त्यांचे मूळ एकच आहे. तुमच्या चित्रातला जवळजवळ सगळा उजेड एकट्या फ्लॅशचा आहे आणि तो तळहाताहूनही लहान खिडकीतून येतो आहे.

फ्लॅशचा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. फुलपाखरू फ्लॅशपासून २० सेंमीवर आणि मागची पाने ८० सेंमीवर असली, तर पानांवर फुलपाखराच्या मानाने सोळावा हिस्सा प्रकाश पडतो, म्हणजे ती चार स्टॉप अंधारी होतात (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट होणे). पाने ४० सेंमीवर असती तर फरक दोनच स्टॉपचा राहिला असता आणि हिरवा रंग दिसला असता. म्हणूनच फुलपाखरू कुठे बसले आहे यापेक्षा त्याच्या मागे काय आहे आणि किती लांब आहे, हे मी आधी पाहतो. दोन पावले डावीकडे सरकल्याने जे साधते ते सेटिंग बदलून साधेलच असे नाही.

मागची पाने जवळ आणता येत नसतील तर नैसर्गिक उजेडाला चित्रात वाटा द्यावा लागतो. तुमच्या सध्याच्या सेटिंगमध्ये साध्या सावलीतला उजेडही निदान चार स्टॉप कमी पडतो, म्हणजे तो चित्रात नसल्यातच जमा आहे. फ्लॅश बंद करा, अ‍ॅपर्चर एफ/११ आणि शटर १/२०० ठेवा आणि मीटर योग्य एक्स्पोजरपेक्षा एक ते दीड स्टॉप कमी दाखवील इथपर्यंत आयएसओ वाढवा. मोकळ्या सावलीत तो साधारण ४०० च्या आसपास येईल, दाट झाडीत १६०० वर जाईल. मग फ्लॅश चालू करून फुलपाखरू उजळा. पार्श्वभूमी किंचित गडद पण रंगीत राहील. आयएसओ वाढला म्हणून कणीदारपणा येईल ही भीती आजच्या सेन्सरांच्या बाबतीत बरीचशी अनाठायी आहे. अंधारात बुडालेला भाग संगणकावर उजळून काढताना जो कणीदारपणा येतो तो याहून वाईट असतो.

याच्या पुढे जाऊन शटर १/६० वर आणू नका. नैसर्गिक उजेड फ्लॅशच्या बरोबरीला आला की फ्लॅशने गोठवलेली कडा आणि उजेडाने पुसलेली कडा अशा दोन कडा एकाच पंखाला दिसू लागतात. स्पर्शिकांवर हे भूत सर्वांत आधी दिसते.

आता एफ/१६ विषयी. मॅक्रोमध्ये जवळ जाल तसे अ‍ॅपर्चर प्रत्यक्षात आणखी लहान होत जाते. नेहमीचा आडाखा असा, की आकड्याला एक अधिक विशालन एवढ्याने गुणावे. म्हणजे १:१ वर, वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराएवढीच उमटते तेव्हा, एफ/१६ हे एफ/३२ सारखे वागते आणि तिथे विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे) सगळ्याच चित्राची धार बोथट होते. काही कंपन्यांचे कॅमेरे हा बदललेला आकडा दाखवतात, काही मूळचाच दाखवत राहतात, त्यामुळे दोन मित्र एकाच आकड्याविषयी बोलत असूनही वेगवेगळ्या गोष्टींविषयी बोलत असू शकतात. एफ/११ वर १:१ ला डेप्थ ऑफ फील्ड (धारदार दिसणारी खोली) जेमतेम १.३ मिमी मिळते, १:२ ला सुमारे ४ मिमी आणि १:४ ला १३ मिमी. पाच-सहा सेंमी पंखविस्ताराचे फुलपाखरू पूर्ण घ्यायचे तर तुम्हाला १:१ लागतच नाही, कारण तिथे सबंध चौकटच ३६ × २४ मिमीची असते. १:१ डोळ्यासाठी आणि खवल्यांसाठी राखून ठेवा. मिटलेले पंख घेताना सेन्सर पंखांना समांतर धरलात तर ४ मिमीमध्ये डोळ्यापासून पंखाच्या टोकापर्यंत सारे मावते. कॅमेरा थोडा तिरपा झाला की एफ/२२ सुद्धा पुरत नाही.

दवबिंदू

भिंग यांचे गणित मान्य करूनही मी उलट बाजू मांडते. फुलपाखरांसाठी फ्लॅश लागतोच कशाला? फुलपाखराला उडण्यासाठी छातीच्या स्नायूंचे तापमान ३० अंश सेल्सिअसच्या आसपास न्यावे लागते आणि ती ऊब ते मुख्यतः उन्हातून मिळवते. सूर्य वर येण्यापूर्वी ते गवताच्या काडीला धरून बसलेले असते, पंखांवर दव असते आणि ट्रायपॉड लावून अर्धा सेकंद शटर उघडे ठेवले तरी वाऱ्याशिवाय दुसरे काही आड येत नाही. त्या वेळचा उजेड इतका मऊ असतो की कोणताही डिफ्यूझर त्याची बरोबरी करू शकणार नाही. मी सात-आठ वर्षे असेच काम करते आहे आणि माझ्या पिशवीत फ्लॅश नाही.

आदल्या संध्याकाळी फुलपाखरे कुठे विसावतात ते पाहून ठेवायचे आणि पहाटे तिथेच जायचे, एवढीच युक्ती आहे. मात्र थंडावलेले फुलपाखरू पळू शकत नाही याचा गैरफायदा घेऊन त्याला काडीसकट उचलून सोयीच्या जागी ठेवणारे छायाचित्रकार मी पाहिले आहेत, आणि शीतपेटीत ठेवून गारठवलेल्या फुलपाखरांची चित्रे कौतुकाने दाखवणारेही पाहिले आहेत. तसे चित्र कितीही धारदार असले तरी मला ते पाहवत नाही.

भिंग

दवबिंदू, पहाटेच्या उजेडाविषयी मी तुमच्याशी वाद घालणार नाही. पण तो उजेड झोपलेल्या फुलपाखराचा आहे. सोंड फुलात घालून मध पिणारे, ओल्या मातीवर बसून क्षार शोषणारे किंवा पानाखाली अंडी घालणारे फुलपाखरू दुपारच्या उन्हात आणि झाडीच्या काळोखात भेटते. त्याच्यासाठी फ्लॅश हे साधन आहे, आणि साधन नीट वापरले तर चित्र पाहणाऱ्याला फ्लॅश वापरल्याचा पत्ताही लागत नाही.

नवखा७

लेन्सभोवती कड्यासारखा बसणारा रिंग फ्लॅश घेतला तर डिफ्यूझरची खटपट वाचेल का? आणि हाय स्पीड सिंक (नेहमीच्या मर्यादेहून वेगवान शटरबरोबर फ्लॅश चालवण्याची सोय) वापरून शटर १/१००० ठेवले तर पंखांची फडफड अधिक गोठेल का?

भिंग

रिंग फ्लॅशचा उजेड चारही बाजूंनी सारखा येत असल्यामुळे सावल्या पुसल्या जातात आणि पंख सपाट दिसतो. शिवाय गुळगुळीत डोळ्यात उजेडाचे कडे उमटते. जुळ्या तोंडांचा ट्विन फ्लॅश त्यापेक्षा बरा, पण डिफ्यूझरविना वापरला तर डोळ्यात दोन पांढरे टिंब येतात. खटपट दोन्हीकडे आहेच.

हाय स्पीड सिंकचे उत्तर ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटते. त्यात फ्लॅश एकदाच न चमकता शटर सरकत असेपर्यंत झपाझप लुकलुकत राहतो, त्यामुळे हालचाल गोठवण्याचे काम शटरवर येऊन पडते आणि फ्लॅशची ताकदही बरीच घटते. साध्या सिंकमध्ये मात्र ते काम फ्लॅशच करतो. माथ्यावर बसणाऱ्या फ्लॅशची पूर्ण ताकदीची चमक साधारण १/१००० सेकंद टिकते, पण १/१६ ताकदीवर ती १/१०००० सेकंदाइतकी आखूड होते. म्हणजे ताकद जितकी कमी तितका पंख जास्त गोठतो. फ्लॅश फुलपाखराच्या जवळ असला की कमी ताकद पुरते, त्याचा हा एक फायदा. दुसरा असा की, तो लगेच पुन्हा चार्ज होतो.

सुरवंट

मी छायाचित्रणापेक्षा फुलपाखरांच्या बाजूने लिहितो. कवडसा यांनी वर्णन केलेले फुलपाखरू ग्रेट एगफ्लायचा नर असावा, ज्याला मराठीत मोठा चांदवा म्हणतात. त्याचा निळा रंग चित्रात का हरवतो याचे उत्तर पंखाच्या रचनेत आहे.

फुलपाखराचा पंख म्हणजे एक पारदर्शक पापुद्रा आणि त्यावर कौलांसारखे एकमेकांवर रचलेले खवले. एकेका खवल्याची लांबी साधारण ०.१ मिमी भरते. लेपिडोप्टेरा या शास्त्रीय नावाचा अर्थच खवल्यांचे पंख असणारे असा आहे. काही खवल्यांत रंगद्रव्य असते. पांढऱ्या आणि पिवळ्या फुलपाखरांच्या पिअरिडी कुळात टेरिन नावाच्या द्रव्याचे सूक्ष्म कण असतात आणि ते प्रकाश सर्व दिशांना उधळतात. म्हणूनच हे पंख फ्लॅशमध्ये एकदम पांढरेफटक होतात. निळ्या चमकदार रंगाचे बहुतेक वेळा निराळे असते. तिथे निळे रंगद्रव्य नसतेच. खवल्यावरच्या अतिसूक्ष्म कंगोऱ्यांच्या थरांवरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळतात आणि निळी लहर तेवढी बळावते. दक्षिण अमेरिकेतल्या मॉर्फोचा निळा असाच तयार होतो, पण त्याची रचना अशी आहे की तो निळा बऱ्याच कोनांतून दिसतो. चांदव्याची झाक तशी उदार नाही. प्रकाश एका बाजूने यावा आणि पाहणारा ठरावीक कोनात असावा, तरच ती पेटते. तुम्ही पाहत असता तेव्हा वरचे सारे आकाश तुमचा दिवा असतो, त्यामुळे कुठल्या ना कुठल्या कोनातून जमून जाते. फ्लॅशचा उजेड एकाच कोनातून येतो, आणि तो कोन चुकला की खालचे तपकिरी रंगद्रव्य तेवढे उरते.

उपाय सोपा आहे, पण धीर हवा. फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवून तारेने किंवा बिनतारी ट्रिगरने जोडा आणि चांदवा पंख उघडून ऊन घेत बसलेला असताना प्रकाश कधी डोक्याच्या बाजूने, कधी शेपटीच्या बाजूने टाकून पाहा.

एक इशारा स्किपर या लहान, झपाट्याने उडणाऱ्या फुलपाखरांविषयी. टीटीएलमध्ये मुख्य चमकेच्या आधी मोजमापासाठी एक बारीक चमक येते. बहुतेक फुलपाखरांना त्याचे सोयरसुतक नसते, पण स्किपर दचकतात. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका निरीक्षणात त्यांची प्रतिक्रिया १७ मिलिसेकंदांहूनही जलद असल्याचे नोंदवले आहे. तुमच्या चित्रात स्किपर अर्धवट उडालेला किंवा फांदी रिकामी दिसत असेल तर दोष तुमच्या बोटाचा नाही. फ्लॅश मॅन्युअलवर न्या, म्हणजे आधीची चमक येणारच नाही.

भिंग

सुरवंट यांच्या मॅन्युअलच्या सल्ल्याला माझी पुस्ती. टीटीएल पांढऱ्या फुलपाखराच्या बाबतीत दोन्ही बाजूंनी फसते. पंखांनी चौकट भरलेली असेल तर ते पांढऱ्याला राखाडी समजून उजेड कमी टाकते. फुलपाखरू लहान आणि मागचे सारे काळे असेल तर काळोख उजळण्याच्या भरात पंख जाळून टाकते. कवडसा, तुमच्याकडे हेच दुसरे होते आहे. मॅक्रोमध्ये अंतर ठरलेले असते, त्यामुळे मॅन्युअलवर एकदा ताकद जुळवली की ती दिवसभर पुरते. पिवळ्या फुलपाखरासाठी हिस्टोग्रामचा (चित्रातल्या उजेडाच्या वाटणीच्या आलेखाचा) लाल भाग वेगळा पाहा; एकूण आलेख सुरक्षित दिसतो तेव्हाही लाल उजव्या भिंतीला टेकलेला असू शकतो आणि मग पिवळ्या पंखावरची सगळी नक्षी सपाट होते.

डिफ्यूझर विकतच घ्यायला हवा असे नाही. पॅकिंगमध्ये येणारा पातळ पांढरा फोम किंवा ट्रेसिंग पेपर साधारण २५ × २० सेंमी कापा आणि लेन्सच्या पुढच्या टोकावर कमानीसारखा वाकवून बसवा. फुलपाखरापासून २० सेंमीवर २० सेंमी रुंदीचा उजेड असला तर फुलपाखराच्या दृष्टीने तो ढगाळ आकाशाचा मोठा तुकडाच होतो. एकच पडदा असेल तर मधोमध प्रखर डाग राहतो, म्हणून तीन-चार सेंमी अंतर ठेवून दुसरा पडदा लावा आणि फ्लॅशचा झूम सर्वांत रुंद ठेवा. तपासायची रीत अशी : कॅमेरा आरशासमोर धरून अगदी कमी ताकदीवर एक चित्र काढा आणि त्यात डिफ्यूझर सगळीकडे सारखा उजळला आहे का ते पाहा.

दवबिंदू

एवढा मोठा पांढरा पडदा घेऊन फुलपाखराजवळ जायचे, आणि ते तिथेच बसून राहील?

भिंग

प्रश्न रास्त आहे आणि याची किंमत मी चुकवली आहे. पडदा सूर्य आणि फुलपाखरू यांच्यामध्ये आला, त्याची सावली पंखावरून सरकली की खेळ संपला; फुलपाखरू हालचालीपेक्षा सावलीला जास्त घाबरते असा माझा अनुभव आहे. म्हणून सूर्य आपल्या समोर राहील अशा बाजूने, गुडघ्यांवर, कॅमेरा आधीच डोळ्याला लावून जावे. जवळ पोहोचल्यावर कॅमेरा उचलणे हीच सर्वांत मोठी हालचाल ठरते. फोकस आधीच हव्या त्या विशालनावर बांधून ठेवावा आणि अंग किंचित पुढेमागे झुलवत डोळा धारदार दिसला की बटण दाबावे. ऑटोफोकस मी या कामात वापरत नाही, पण नव्या कॅमेऱ्यांत तो बराच सुधारला आहे, त्यामुळे माझे हे मत जुन्या सवयीतून आलेले असू शकते.

कवडसा

सर्वांचे आभार. दोन आठवडे प्रयोग करून मगच लिहायचे असे ठरवले होते.

फोमचा डिफ्यूझर केला. पहिला फार जड झाला आणि लेन्सवरून सतत घसरत राहिला, दुसरा जमला. एफ/११, १/२००, आयएसओ ५०० आणि फ्लॅश मॅन्युअल १/८ वर ठेवल्यावर पांढऱ्या फुलपाखराच्या पंखावरच्या शिरा पहिल्यांदाच दिसल्या; शिरांलगतची राखाडी भुकटीसुद्धा दिसली, जी मला आजवर धूळ वाटत होती आणि मोठे करून पाहिल्यावर ते काळे खवले निघाले. मागचे गवत हिरवे आले. एवढ्यावर मी खूश होतो.

अर्धगोल सावली मात्र डिफ्यूझर लावूनही गेली नाही. तीन दिवस मी फोमची कमान वरखाली करत बसलो. शेवटी लक्षात आले की मी लेन्सचे हूड (पुढच्या टोकावर बसणारी आडोशाची कड) काढतच नव्हतो. १:१ च्या जवळ गेल्यावर लेन्सच्या टोकापासून फुलपाखरू वीतभरही लांब नसते, आणि वरून येणारा फ्लॅशचा उजेड हूडच्या कडेला अडून खाली त्याची सावली पडत होती. हूड काढले, सावली गेली. हे इथे लिहिताना लाज वाटते आहे, पण आणखी कोणी याच चुकीत अडकले असेल म्हणून लिहितो.

चांदवा सहा दिवस आला नाही. सातव्या दिवशी साडेनऊच्या सुमारास पानावर पंख पसरून बसला. फ्लॅश डाव्या हातात धरून शेपटीच्या बाजूने दोन चित्रे काढली, दोन्ही तपकिरी. मग कोपर पानावर आपटणार नाही अशा बेताने हात डोक्याच्या बाजूला नेला आणि तिसरे काढले. त्याने दोन्ही पंख सारखे सपाट धरले नव्हते. उजवा पानाला टेकला होता, डावा थोडा उचललेला होता. चित्रात उजव्या पंखावरच्या ठिपक्यांभोवती निळी-जांभळी वलये पेटली आहेत आणि डावा पंख पूर्ण तपकिरी आहे. चौथे काढण्याआधी तो उडाला.

संगणकावर डावा पंख उजव्याप्रमाणे रंगवता येईल का, असे घरी एकाने विचारले. येईल, पण सुरवंट यांचे उत्तर वाचल्यानंतर तो तपकिरी पंख मला चुकीचा वाटेनासा झाला आहे.

सुरवंट

रंगवू नका. शक्य असल्यास मूळ आकारातले चित्र टाका. उजव्या पंखावर निळा ज्या ओळीवर संपतो तिथल्या खवल्यांची दिशा बदललेली दिसते का, ते मला पाहायचे आहे.